झिरोचा चिखल, मैत्रिणीचे पाय

वाचकहो, साठीला टेकलेली आणि चौदा वर्षे मधुमेहासह संसार केलेली तुमची मैत्रीण एके दिवशी तुम्हाला म्हणाली, की मला अरुणाचलात जाऊन चार दिवस पावसाचिखलात गाणे ऐकायचे आहे, तर तुम्ही तिला काय उत्तर द्याल? मी दिले ते असे : ‘‘तुला वेड लागलंय का?’’

ती हसली नाही. आम्ही दोघी पुण्याच्या. महाविद्यालयाच्या दिवसांपासून डिसेंबरातल्या सवाई गंधर्व महोत्सवाला आम्ही एकाच घोंगडीवर बसत आलो. तेव्हा मैफल रात्रभर चालत असे आणि भैरवी ऐकून पहाटे धुक्यातून सायकली हाकत आम्ही घरी येत असू. पुढे तिला मधुमेह निघाला आणि एकेक गोष्ट तिच्या हातून सुटत गेली. गोड सुटले त्याचे तिला फारसे दुःख झाले नाही. पण खाली बसवेना म्हणून भारतीय बैठक सुटली, उशिरा जेवण नको म्हणून रात्रीच्या मैफली सुटल्या, आणि एका वर्षी ‘यंदा तूच जा’ असे ती म्हणाली तेव्हा सवाईही सुटला. म्हणून तिच्या मुलाने दाखवलेली झिरोची चित्रफीत पाहून तिने हट्ट धरला, तो मला पूर्णपणे मोडता आला नाही.

तिच्या डॉक्टरांकडे आम्ही दोघी गेलो. नायलॉनचा एक तंतू तिच्या तळव्यावर तो किंचित वाकेपर्यंत टेकवून ते विचारत होते, ‘‘कळतंय?’’ तिने डोळे मिटलेले. दहापैकी तीन जागी तिला काहीच कळले नाही. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की नसांना इजा होते, आणि शरीरातल्या सर्वांत लांब नसांना ती आधी होते. म्हणून बधिरपणाची सुरुवात पायांपासून होते. अशा पायाला खडा टोचलेला कळत नाही, बूट चावलेला कळत नाही, चटका बसलेला कळत नाही. दुखणे हा आपण शत्रू मानतो. पण तळव्यांचा पहारेकरी तोच असतो, आणि माझ्या मैत्रिणीच्या पायांवरचा हा पहारा तीन ठिकाणी उठलेला होता. डॉक्टरांनी जाऊ नका असे म्हटले नाही. पायांतला रक्तप्रवाह चांगला आहे आणि पायावर जखम नाही, याची खात्री करून घेतली, धनुर्वाताची लस टोचली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘रोज रात्री तिचे तळवे तुम्ही पाहायचे. तिला ते नीट दिसत नाहीत आणि कळतही नाहीत.’’

झिरोला पोहोचणे हीच एक यात्रा आहे. अरुणाचल प्रदेशात शिरायला आपल्याला इनर लाइन परमिट काढावे लागते. गुवाहाटीहून रात्रीची गाडी पकडली की पहाटे नाहरलगून येते, आणि तिथून सामायिक सुमोत दाटीवाटीने बसून घाट चढायचा. पोटिन, याझाली अशी गावे मागे पडतात, दरड कोसळलेल्या जागी गाडी थांबते, सगळे उतरतात, चहा पितात, पुन्हा बसतात. इन्सुलिनचे पेन मैत्रिणीने हातातल्या पिशवीत ठेवले होते. विमानाच्या सामानकक्षात ते गोठण्याची भीती असते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. वापरात असलेल्या पेनाला शीतकपाट लागत नाही, डोंगराची थंड हवा त्याला पुरते, हे आम्हाला आधीच सांगितले होते. तरी वाटेत तीनदा तिने पिशवीत हात घालून ते चाचपले, आणि तीनही वेळा मी ते न पाहिल्यासारखे केले.

मग एका वळणावर डोंगर बाजूला सरतात आणि समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच असलेले ते सपाट खोरे समोर येते. सप्टेंबरच्या अखेरीस तिथले भात पिवळे होऊ लागलेले असते. पाइनची झाडे, बांबूची राई, आणि मधोमध आरशाच्या तुकड्यांसारखी पाण्याने भरलेली खाचरे. हे खोरे आपातानी लोकांचे. नांगर नाही, बैल नाही, यंत्र नाही. सारी शेती हातांनी आणि पायांनी. भाताच्या त्याच पाण्यात ते मासे वाढवतात आणि खाचरांच्या बांधांवर नाचणी पेरतात. बांधावरची ती ओळखीची कणसे पाहून मैत्रीण सुमोच्या खिडकीतून ओरडली, ‘‘अगं, नाचणी!’’ पिशवीत नाचणीचेच लाडू घेऊन दोन दिवस प्रवास केलेल्या बाईला तो आनंद का झाला, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. पाण्याचे आणि जमिनीचे हे नियोजन इतके वेगळे आहे, की २०१४ साली या भूभागाचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले.

इथला संगीत महोत्सव २०१२ साली बॉबी हानो आणि अनुप कुट्टी या दोघांनी सुरू केला. हानो इथला, तर कुट्टी दिल्लीच्या एका रॉक बँडमधला वादक. सप्टेंबरच्या शेवटी शेतांच्या मधोमध, टेकड्यांच्या कुशीत दोन मंच उभे राहतात. ते उभारतात स्थानिक कारागीर, आणि मुख्यतः बांबूचे. एकाचे नाव दान्यी, दुसऱ्याचे पिलो. आपातानी भाषेत दान्यी म्हणजे सूर्य आणि पिलो म्हणजे चंद्र. दिवसाचे गाणे सूर्यापाशी, रात्रीचे चंद्रापाशी. आता सप्टेंबरअखेर म्हणजे पाऊस संपला असेल, असा हिशेब तुम्ही आपल्या महाराष्ट्रावरून कराल, तर फसाल. ईशान्येतून मोसमी पाऊस ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास माघारी फिरतो. आम्ही पोहोचलो त्याच संध्याकाळी तो आला आणि चारही दिवस थोड्याथोड्या वेळाने येत राहिला.

चिखलाचे वर्णन कसे करू? आपल्याकडचा काळा चिखल चपलेला धरून ठेवतो; हा पाय धरतो आणि परत देताना आवाज करतो. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मैदानावर हिरवळ होती. संध्याकाळी हजारो पावलांनी तिची लापशी केली. सगळ्यांच्या पायांत गुडघ्याखाली पोहोचणारे गमबूट; हापोलीच्या बाजारात ते सर्रास मिळतात. आम्हीही दोन जोड घेतले, एक माप मोठे, जाड मोजे मावावेत म्हणून. पण गमबुटाविषयी एक गोष्ट मला तोवर ठाऊक नव्हती. तो बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, तसा आतला घामही बाहेर जाऊ देत नाही. चार तासांनी पाय काढला तेव्हा तो पावसात न भिजताही ओला होता, बोटांमधली कातडी पांढरी आणि सुरकुतलेली. अशी मऊ झालेली कातडी सहज फाटते आणि फाटलेल्या जागेतून जंतू नि बुरशी आत शिरतात. सुती मोजा तर ओल धरूनच ठेवतो. त्यापेक्षा लोकरीचा बरा. आम्ही दर तीन तासांनी कुठल्यातरी छपराखाली बसून मोजे बदलत असू, आणि शेजारची तरुण मुले आमच्याकडे कौतुकाने की करुणेने पाहत, ते मला शेवटपर्यंत कळले नाही.

पहिल्या महायुद्धात खंदकांत दिवसेंदिवस चिखलात उभ्या राहिलेल्या सैनिकांचे पाय असेच सडत. ‘ट्रेंच फूट’ हे नाव तिथून आले. त्यावर काढलेल्या उपायांपैकी एक फार साधा होता. सैनिकांच्या जोड्या लावून दिल्या आणि प्रत्येकावर आपल्या जोडीदाराच्या पायांची जबाबदारी टाकली. मैत्रिणीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘‘म्हणजे तू माझी सैनिक,’’ आणि पाय माझ्या मांडीवर ठेवला.

आमचा मुक्काम शेतांपलीकडे एका आपातानी घरी होता. बांबूच्या त्या घरात मधोमध चूल, वर मांस धुरावण्यासाठी टांगलेली मांडणी. घरातल्या आजींच्या नाकपुड्यांत काळ्या चकत्या होत्या आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत गोंदणाच्या रेषा. ही चाल १९७०च्या दशकात बंद झाली, त्यामुळे अशा स्त्रिया आता म्हाताऱ्याच उरल्या आहेत. आजींना हिंदी जुजबी येत होते. आम्ही भिजून आलो की त्या घाईघाईने चुलीजवळ मोढा सरकवत आणि मैत्रिणीचे पाय आगीकडे करत. पहिल्या रात्री मी तो मोढा मागे ओढला. त्यांनी पुन्हा पुढे केला. मी पुन्हा मागे. त्यांच्या चेहऱ्यावर पाहुणचाराचा अपमान झाल्याचे स्पष्ट दिसले. पण बधिर तळव्याला ऊब कळत नाही तशी भाजही कळत नाही. शेकोटी, गरम पाण्याची पिशवी, कढत पाण्याची बादली, या साऱ्या मायेच्या वस्तूंनीच अशा पायांना फोड येतात. हे त्यांना कोणत्या भाषेत सांगणार? शेवटी त्यांच्या सुनेने दुभाषेपण केले. आजींनी सारे ऐकून घेतले, मैत्रिणीच्या तळव्यावर बोट दाबून पाहिले, आणि मोढा स्वतःच चुलीपासून दोन हात लांब नेऊन ठेवला. तांदळाची घरगुती बिअर पुढे आली, तीही मैत्रिणीने हात जोडून परत केली. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर मद्यामुळे रात्री झोपेत घसरू शकते, आणि दिवसभर चिखल तुडवलेला असेल तर अधिकच. मी मात्र प्याले. छान होती.

गाण्याविषयी सांगायचे तर मला त्यातले निम्मे कळले नाही. मंचावरच्या ढोलांचा घुमारा छातीत उतरे आणि गिटारचा आवाज कानांत सुईसारखा शिरे. ध्वनिक्षेपकापासून लांब उभे राहणे आणि कानांत बोळे घालणे एवढे शहाणपण आम्ही जपले. पण दुसऱ्या दिवशी दुपारी आदी जमातीच्या स्त्रियांनी पोनुंग सुरू केला आणि आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. एकजण ओळ गाते, बाकीच्या फेर धरून ती उचलतात, पावले एकाच लयीत सरकतात. आश्विन तोंडावर आला होता. ‘‘हा तर भोंडला,’’ मैत्रीण म्हणाली. मधोमध हत्ती तेवढा नव्हता. पाहता पाहता मैदानावरची मुलेमुली त्यांच्यासारखा फेर धरू लागली आणि त्या फेरात गमबूट घातलेली माझी मैत्रीणही शिरली. चाळीस वर्षांपूर्वीची ती मला दिसली असे मी लिहिणार नाही. ती साठ वर्षांचीच दिसत होती, धापा टाकत होती, आणि तिचा चेहरा चिखलाच्या शिंतोड्यांनी भरला होता. तिने एकदा थांबून खिशातला लाडू खाल्ला आणि पुन्हा फेरात गेली.

त्या रात्री आम्ही बारानंतर परतलो. इथे पाच वाजून गेले की सूर्य बुडतो, त्यामुळे बारा म्हणजे अपरात्रीची अपरात्र वाटते. मी अंथरुणावर पडले ती थेट सकाळी उठले.

तुम्हाला कळलेच असेल. तळवे मी पाहिले नव्हते.

सकाळी तिच्या उजव्या मोज्यावर तपकिरी डाग होता. अंगठ्याच्या खाली, चवड्यात, बांबूची एक कपची रुतून बसली होती. ती बुटात कधी शिरली कोण जाणे; बहुधा छपराखाली मोजे बदलताना बूट पालथा न करताच घातला असावा. तिच्यासह ती दुपारभर फेर धरून नाचली होती आणि तिला काही म्हणजे काही कळले नव्हते. माझे हात थरथरू लागले. आधी माझ्या मनात आले ते सांगते, त्यात भूषणावह काही नाही : तिच्या मुलाला काय तोंड दाखवू?

कपची आम्ही घरी उपसली नाही. गावातल्या दवाखान्यात गेलो. तरुण डॉक्टरांनी ती काढली, जखम सलाइनने धुतली, आतल्या बाजूला काही राहिले नाही ना हे शोधून पाहिले, पट्टी बांधली. पाय ओला करायचा नाही, गमबूट घालायचा नाही, त्यावर भार द्यायचा नाही. लाली पसरली, सूज आली, पाय गरम लागला, पू किंवा वास आला, ताप भरला, तर वेळ न दवडता परत यायचे. दुखत नाही म्हणून बरे आहे असे समजू नका, हे त्यांनी दोनदा सांगितले. महोत्सवाचे दोन दिवस उरले होते.

परत आल्यावर मी सामान आवरायला घेतले. ती पाय लांब करून बसली होती.

‘‘काय चाललंय?’’

‘‘गुवाहाटीला जाऊ. तिथे मोठी रुग्णालयं आहेत.’’

‘‘सहा तास सुमोत पाय खाली सोडून? डॉक्टरांनी असं काही सांगितलं?’’

सांगितले नव्हते. तरी मी पिशवी भरतच राहिले. मग ती जे बोलली ते मला अजून टोचते. ‘‘तू घाबरली आहेस, आणि तुझी भीती उतरावी म्हणून मला घरी नेते आहेस. चौदा वर्षं सगळे हेच करताहेत.’’

मी उत्तर दिले नाही. खरे तर ‘मी काल रात्री झोपले’ एवढेच वाक्य माझ्याकडे होते, आणि ते मी तासाभराने उच्चारले. ती म्हणाली, ‘‘मीही झोपले. पाय माझा होता.’’

तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो नाही. घराच्या मागे बांबूचे उघडे मचाण होते, तिथे आजींनी चटई टाकून दिली. पाय उशीवर उंच ठेवून मैत्रीण आडवी झाली. पाऊस थांबे तेव्हा शेतांवरून गाणे येई. आधी ढोल, मग फार उशिराने गळा. पाऊस आला की ते पुसले जाई. अशा अर्धवट गाण्यात ती स्वतःचे सूर भरू लागली. सवाईतून सायकलवर परतताना तिचा आवाज जसा लागे तसा तो आता लागत नाही, मध्येच तुटतो. पण मधल्या चौदा वर्षांत मी तो ऐकला नव्हता, हेही मला त्या मचाणावरच आठवले. मी दर दोन तासांनी बोटाच्या मागच्या बाजूने तिचे दोन्ही पाय चाचपत होते, उजवा डाव्यापेक्षा गरम तर नाही ना, म्हणून. नव्हता.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी बदलली, जखम स्वच्छ असल्याचे सांगितले आणि बसून ऐकणार असाल तर जा, म्हणाले. घरच्या मुलाने गाडी मैदानाच्या कडेपर्यंत नेली. तिथून मंचाजवळच्या बांबूच्या ओट्यापर्यंत तीसेक पावले चिखल होता. त्याने कुणाला न विचारता मैत्रिणीला पाठुंगळी घेतले. संकोचाने ती एवढी लाल झाली की मला हसू आवरेना. ओट्यावर बसून तिने सूर्य बुडेपर्यंत ऐकले, मांडीवर बोटांनी ताल धरून. रात्रीच्या चंद्रमंचापर्यंत आम्ही थांबलो नाही. जेवणाची आणि इन्सुलिनची वेळ झाली होती.

जखम भरायला पुण्यात परतल्यावर पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत तिच्या मुलाने मला काय काय ऐकवले ते इथे सांगत नाही. त्याचे बरेचसे बरोबर होते. यंदा सवाईला खुर्चीचे तिकीट काढायचे ठरले आहे.

निघायच्या सकाळी आमचे गमबूट दाराशी दिसेनात. शोधले तर मागच्या मचाणाच्या खुंट्यांवर ते उलटे टांगलेले, चिखल धुतलेला, आत भाताचा कोरडा पेंढा भरलेला. आजी आल्या. त्यांच्या स्वतःच्या पायांत काही नव्हते. आयुष्य खाचरांत गेलेले ते पाय, टाचांच्या भेगांत काळी माती कायमची बसलेली. त्यांनी मैत्रिणीचा उजवा बूट काढला, पेंढा उपसला, बूट पालथा करून दोनदा आपटला. मग कोपरापर्यंत हात आत घालून त्या सावकाश तळ चाचपू लागल्या.